मुक्ताचं छप्पर

या, सरकून बसा थोडं. टाळ खाली ठेवा, सतरंजीचा कोपरा त्या मागच्या माउलीलाही द्या. देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्याच एका लेकराची गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राणी नाही, वरून फुलं पडत नाहीत. एक तलाव आहे, एक घोडी आहे आणि एक बाई आहे, जिनं एका पावसाळ्यात जाळी ठेवायच्या खोपटाचा घोडीसाठी निवारा केला. ऐकून घ्या. फार लांबची नाही. मूल गावाहून निघालेली बस जिथं वळून परत जाते, तिथली आहे.

गावाचं नाव पिपरबोडी. घरं बहुतेक ढिवरांची, मासोळी धरणाऱ्यांची. तलावाची पाळ उंच, पाळीवर मोहाची झाडं, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की जंगल. अशा गावातला मनसाराम एकदा मूलच्या बाजारात मासोळी विकायला गेला आणि घोडी घेऊन परत आला. गावानं पोट धरून हसून घेतलं. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष कोलू तर पाळीवर उभा राहून ओरडला, "मनसाराम, पाण्यात सोड तिले! वाम मासोळी धरून आणते का पाहू!"

मनसारामनं घोडीचं नाव मुक्ता ठेवलं, तिला लगाम चढवला, स्वतः गुलाबी फेटा बांधला आणि गावोगावच्या वराती नेऊ लागला. वर नवरदेव बसायचा, खाली मनसाराम चालायचा आणि बँडच्या आवाजात आपला अभंग पुटपुटत राहायचा. निवारा असा मुक्ताला कधी लागलाच नाही. मोहाच्या झाडाखाली ती बांधलेली, वर ताडपत्री, बाजूला मनसारामची बाज आणि शेकोटी. उन्हाळा असो की पाऊस, रात्री तो तिच्याजवळच निजायचा. त्याची बायको प्रेमिला घरात एकटी. "तुमची बायको मी हाव का ते?" असं ती चिडून विचारायची, आणि तो हसायचा.

चैतात एका वरातीहून तो उन्हातून आला, तांब्याभर पाणी प्यायला, बाजेवर आडवा झाला आणि उठलाच नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मुलगा अमर मोहर्लीला जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवतो. तोही गेला. प्रेमिला अंगणात बसली होती, तर पाळीवरून मुक्ता खिंकाळली. पुन्हा खिंकाळली. माणसांच्या गर्दीत तिला पाणी दाखवायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. प्रेमिलानं इतक्या वर्षांत तिला हात लावला नव्हता, भीतीच वाटायची. ती बादली घेऊन गेली, लांबून ठेवली आणि मागं सरली. मुक्तानं बादली रिकामी केली आणि ओलं तोंड हिच्या खांद्यावर आणून टेकवलं. बाई तशीच उभी राहिली. मग तिला रडू आलं. तेरा दिवस आलं नव्हतं ते.

त्या दिवसापासून दिवेलागणीला अमरचा फोन यायचा.

"माय, विकली का?"

"काय?"

"घोडी वो. मूलवाला माणूस तयार आहे."

"नाई विकली."

"काऊन नाई विकली? कोण पाहणार तिले? तू का नवरदेव बसवून फिरशीन?"

"फिरीन. तुह्या बापानं फेटा ठेवला आहे."

"माय, मजाक नको करू."

मग तो रागवायचा, ती रागवायची. तो विचारायचा, जेवली का. ती विचारायची, तू जेवला का. आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नीलाबाई शेजारी राहायची. ती म्हणायची, "तुमचं भांडण नाई, आरती आहे वं ही. टाइमावर सुरू होते."

आषाढ लागला. बांध्यांत रोवणा सुरू झाला. प्रेमिला नीलाबाईच्या टोळीत रोवायला जाऊ लागली. दिवसभर कमरेत वाकून धानाचा परा चिखलात खोचायचा, वरून पाऊस. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, रात्री तेल-हळद लावली तरी ठणका जात नव्हता. संध्याकाळी पाळीवर जावं तर मुक्ताही चिखलात उभी. ताडपत्री फाटलेली. प्रेमिलानं तिचा पाय उचलून पाहिला. खुराच्या खाचेत काळं झालं होतं, वास येत होता.

"तुलेही चिखल्या झाल्या का वं?" ती म्हणाली. "तू कोणाच्या बांधीत गेली होती?"

आणि त्याच आठवड्यात कोलूच्या अंगणातून बिबट्यानं वासरू उचललं. भर वस्तीतून. सकाळी लोक पाळीवर गेले, तर ओल्या मातीत पंजे उमटलेले. ते मुक्ताच्या झाडाला वळसा घालून गेले होते.

ही बातमी मोहर्लीला पोहोचायला वेळ लागला नाही.

"आता ऐकशीन का नाई?" अमर फोनवर ओरडला. "मी रोज पाहतो, माय, बिबट काय असते ते. बाबा होता, आग होती, म्हणून वाचली. आता तू निजणार आहे का तिथी? आजच माणूस पाठवतो."

"पाठवून पाह्य. काठीनं हाणीन त्याले."

"मंग काय करशीन?"

"घर बांधीन तिले."

अमर म्हणाला, "पोळ्यापर्यंत. पोळ्याले मी येतो. चारी बाजूनं बंद, वर पक्कं छप्पर, कोरडी जमीन, असं असन तर राहू दे. नाई तर त्याच दिवशी मूलले नेतो. मंजूर?"

"मंजूर," प्रेमिला म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की घर बांधायला जवळ काहीच नाही.

होतं ते एकच. पाळीखाली घरामागं मनसारामचं जाळ्यांचं खोपट. तीन बाजूंनी बांबूचा कूड, शेणमातीनं लिंपलेला. चौथी बाजू तलावाकडं उघडी, डोंगा आत ओढायला. वर कवेलूंचं, मातीच्या कौलांचं छप्पर. प्रेमिलानं सकाळी आतलं सगळं बाहेर काढलं. जाळी, भोपळे, शिशाचे मणी, एक तुटकं वल्हं. डोंगा नीलाबाईनं आणि तिनं मिळून ओढला. जागा झाली. तिनं मुक्ताला आणलं. घोडी दाराशी आली, थांबली, मान वर केली आणि कान आढ्याला लागताच झटकन मागं गेली.

पलीकडच्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीवरचा, पोचू गोंड बांबूचं काम करायचा. तो येऊन बघून गेला. "बाई, माणूस वाकून जाते," तो म्हणाला. "घोडी कायले वाकन? छप्पर खाली आहे."

"मंग काय करू, पोचूभाऊ?"

"जमीन खाली घ्या. छपराले हात नका लावू. खोदलं का उंची भेटते."

ते तिला पटलं. रोवण्यावरून आली की ती फावडं घ्यायची आणि अंधार पडेपर्यंत माती उपसायची. हाताला फोड आले. शेवटी मुक्ताची मान मावेल इतकी खोली झाली. सकाळी आनंदानं पाहायला गेली, तर आत घोटाभर पाणी. पाळीचा पाझर खालून वर आला होता. मधोमध एक खेकडा आरामात बसलेला.

पोचू आला. दोघं काठावर उभे राहून बघत राहिले.

"तलाव आहे शेजारी," पोचू हळूच म्हणाला. "माह्या ध्यानातच नाई आलं."

"मी तर ढिवराची," प्रेमिला म्हणाली. "माह्याच ध्यानात नाई आलं." आणि हसू लागली. पोचूही हसला. मग खेकडा उचलून तिनं त्याच्या पिशवीत टाकला. दुसरं द्यायला काही नव्हतं.

खोदलेली माती पुन्हा आत भरली. वर मुरूम टाकला, धुम्मसानं चोपला, तलावाकडं थोडा उतार ठेवला. आता उरलं छप्पर, ते वरच उचलायला हवं होतं. सासऱ्याचं जुनं घर पडलं तेव्हाचे येनाच्या लाकडाचे खांब परसात पडून होते, लांब आणि अजून टणक. पण सांगाडा उचलायला खांदे पाहिजेत.

ती खांदे मागायला निघाली. पिंपळाच्या पारावर माणसं बसलेली. एकाला कंबर होती. एकाला सोसायटीची मीटिंग होती. कोलू म्हणाला, "माणसाले घरकुल भेटत नाई न तू घोडीले बंगला बांधून राह्यली! वास्तुशांतीले बोलावजो." सगळे हसले. प्रेमिला पदर नीट करून परत फिरली. रस्त्यात कोणी दिसू नये म्हणून बांधीच्या धुऱ्यावरून आली.

दुसऱ्या दिवशी रोवणा सुटला तेव्हा नीलाबाईनं टोळीला घराकडं वळूच दिलं नाही.

"चला गा बायांनो. परा रोवला, आता खांब रोवू."

"नीलाबाई, कंबर तुटली वं."

"तुटली त तुटली. उभी राहाले छप्पर आहे ना वर, टेकून राह्य."

कवेलू प्रेमिलानं आधीच उतरवून रचून ठेवले होते. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेल्या त्या बाया चारी बाजूंना उभ्या राहिल्या. डोक्यावर पदराची चुंबळ. "हां" म्हटल्याबरोबर सांगाडा कुरकुरला आणि उचलला गेला. पोचू आणि प्रेमिला खड्ड्यात खांब उभे करू लागले. पाळीवर बघे जमले. कोलू होताच. सांगाडा तळ्याकडच्या कोपऱ्यात झुकला, दोघी बाया खाली बसू लागल्या.

"कोलूभाऊ!" नीलाबाई खालून ओरडली. "तोंड लावून झालं असन त खांदा लावा!"

कोलू इकडंतिकडं बघू लागला. मग धोतर खोचून उतरला आणि कोपऱ्याखाली घुसला. सांगाडा सरळ झाला. घाम पुसत तो म्हणाला, "वजन आहे बे. घोडीपरीस भारी." त्यानंतर त्याचं चिडवणं थांबलं असं नाही, पण आवाज खाली आला.

छप्पर बसलं, प्रेमिलानं बांबू लावून कूडही वरपर्यंत वाढवला. मुक्ता आत जाऊन उभी राहिली, मान वर करून, आणि कानाला काही लागलं नाही. उरली ती उघडी बाजू. पोचू म्हणाला, बांबूची तट्टी विणून दार करून देतो, पण वेळ लागेल. रोवण्याच्या दिवसांत टोपल्यांची मागणी होती. आणि पाळीवर पुन्हा पंजे उमटले होते.

इथं प्रेमिलाकडून चूक झाली. ढिवराच्या बाईकडूनच होईल अशी. तिला वाटलं, दार नाही तर काय झालं, जाळं आहे. जाळ्यातून जीव जात नाही, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. मनसारामनं स्वतः विणलेलं मोठं ओढजाळ तिनं काढलं, दुहेरी केलं, खांबाला वरपासून खालपर्यंत ताणून बांधलं. खाली शिशाचे मणीही ओवले. लांब होऊन पाहिलं. संध्याकाळच्या उजेडात ते छान दिसत होतं. मुक्ताला आत ठेवून ती निश्चिंत मनानं सकाळी रोवण्यावर गेली.

पण मासोळीची गोष्ट वेगळी. मासोळी जाळ्यात दमते आणि थांबते. घोडी थांबत नाही.

दिवस कलताना ती परत आली, तर खोपटातून धापा ऐकू येत होत्या. मुक्ता आडवी पडलेली. पुढचे दोन्ही पाय जाळ्यात. ओढून ओढून दोरे कातडीत रुतलेले, तोंडाला फेस, डोळ्यांत पांढरं. प्रेमिला जवळ गेली की ती पाय झाडायची आणि दोरा आणखी आवळायचा. प्रेमिला तिच्या मानेवर आडवी पडली, सगळ्या अंगाचा भार टाकून. कानाशी तोंड नेलं. काय बोलावं सुचेना. नवरा काय पुटपुटायचा ते शब्द तिनं कधी नीट ऐकलेच नव्हते. ती नुसतं "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत राहिली. घोडीचा श्वास हळूहळू खाली आला.

कमरेला विळा होता. ती गाठी ओळखत होती. थंडीच्या दिवसांत चुलीपाशी बसून, अंगठ्याला चिंधी गुंडाळून मनसारामनं मारलेल्या त्या गाठी. सोडवत बसली असती तर सुटल्याही असत्या. तिनं विळा घातला आणि जाळं कापत गेली. एकेक आस, जाळ्याचा एकेक डोळा, तट तट तुटत होता. मुक्ता धडपडून उभी राहिली तेव्हा जमिनीवर नुसता दोऱ्यांचा ढीग होता.

फोन वाजला. दिवेलागण झाली होती.

"विकली का?"

"नाई."

"आवाज काऊन असा?"

"धावत आली फोनपाशी. तू जेवला का?"

"अजून नाई. तू?"

"जेवते," ती म्हणाली. तिच्या हाताला मुक्ताचं रक्त होतं.

कडुनिंबाचा पाला उकळून ती रोज जखमा धुवायची, हळद-तेल भरायची. पोचूला कोणी सांगितलं कोण जाणे, त्यानं टोपल्या बाजूला ठेवल्या आणि तट्टी विणून आणली. दुहेरी विणीची, मध्ये आडवे बांबू, हात घुसणार नाही इतकी घट्ट. प्रेमिलानं कूड पुन्हा लिंपला. खाली धानाचं तणस अंथरलं. डोंग्याचं बूड चिरलंच होतं, तो डोंगा आत भिंतीशी उंचवट्यावर बसवून त्यात चारा टाकला. पाऊस दिवसरात्र कोसळला, आत थेंब आला नाही. खुराचा काळेपणा गेला.

पोळा आला. अमर मोटारसायकलवर आला, अंगावर हिरवा सदरा, गळ्यात गेटचं ओळखपत्र. बापाच्या फोटोपुढं उभा राहिला, चहा घेतला आणि थेट मागं गेला. पर्यटकांची गाडी निघण्याआधी तपासतो तसं त्यानं सगळं तपासलं. खांबाला खांदा लावून ढकललं. तट्टीला लाथ मारून पाहिली. खाली बसून तणसात हात घातला. हात कोरडा निघाला. मुक्तानं त्याचा सदरा हुंगला.

"कोणी करून देलं?"

"मीच. न नीलाबाई, न पोचूभाऊ. कोलूभाऊनं एक कोपरा उचलला."

"कोलूकाकानं?" तो हसला. बापासारखंच हसला. मग डोंग्याच्या काठावरून हात फिरवत जरा वेळ उभा राहिला.

"भक्कम आहे, माय. जिंकली तू. राहू दे घोडी."

प्रेमिलाला काय करावं कळेना. तिनं पुरणाची पोळी वाढली, वर तुपाची धार धरली ती सोडेचना. "बस ना माय," तो म्हणाला. "पहाटे ड्युटी आहे. अंधाराच्या आत जंगलाचा रस्ता काढतो. आता ऑक्टोबरच्या एक तारखेपासून जंगलाचे मोठे गेट उघडतात, मंग सवडच नाई भेटत."

त्याच्या गाडीचा आवाज पाळीपलीकडं गेला आणि मग बेडकांचा तेवढा उरला.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून ती फोनपाशी बसली. फोन आला नाही. दमला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला नाही. मग सण आले, गेले. नीलाबाई म्हणाली, "तूच लाव ना."

"काय बोलू?"

"घोडी बरी आहे म्हण."

तिनं लावला. "अमर, घोडी बरी आहे."

"बरं झालं, माय. गाडीत पाहुणे आहेत. ठेवतो हं."

आता भांडायला काही नव्हतं. ती संध्याकाळी मुक्ताजवळ जाऊन बसायची. चार भिंती होत्या, दार होतं, बिबट येऊ शकत नव्हता, पाऊस येऊ शकत नव्हता. घोडी चारा चावायची, त्या आवाजात प्रेमिला काहीबाही बोलायची. लग्नसराईत फेटा आपणच बांधू म्हणायची. मुक्ता ऐकून घ्यायची.

कुवार, म्हणजे आश्विन महिन्यातली गोष्ट. आभाळ धुतल्यासारखं मोकळं, धान पोटरीला आलेलं. अंगणात उभी राहून तिनं फोन लावला.

"काय वं माय?"

"छप्पर गळून राह्यलं."

"कोणतं?"

"घोडीचं. आत ओलं झालं सारं."

"इकडे त पाऊस नाई."

"इकडे आहे," प्रेमिला म्हणाली. पाळीवर पिवळं ऊन पडलं होतं.

"कवेलू सरकलं असन. कोलूकाकाले सांग ना."

"त्याचे गुडघे दुखून राह्यले."

पलीकडं कोणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. अमरनं त्याला उत्तर दिलं. मग म्हणाला, "बरं. तू नको चढू वर. पडशीन. सुट्टी मागतो, येतो मी."

"कधी?"

"येतो ना. भेटली का येतो."

फोन ठेवून ती देवापुढं गेली. हात जोडले, पण नजर वर होईना. लेकराशी खोटं बोलली होती, देवाचं नाव घेणारी बाई. बराच वेळ बसली. मग उठली, शिडी घेतली, खोपटाला लावली आणि हळूहळू चढली. मधोमध हात पुरवून एक कवेलू ढिलं केलं आणि बाजूला सरकवलं. भोकातून मुक्ताची पाठ दिसली, त्या पाठीवर उन्हाचा तुकडा पडला.

आता ते खोटं राहिलं नव्हतं.

ती उतरली, घोडीला भोकाखालून दुसऱ्या कोपऱ्यात बांधलं, म्हणाली, "थोडे दिवस सरकून राह्य माय," आणि दार लावून घेतलं.

माउलींनो, माझी गोष्ट एवढीच. पुढं अमर कधी आला, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी मोहर्लीला वाघ पाहायला गेलं आणि हिरव्या सदऱ्यातल्या एखाद्या पोरानं गाडीचं दार उघडून दिलं, तर त्याला काही बोलू नका, त्याच्या पोटाचं काम आहे ते. पण आज घरी जाऊन दिवा लावाल तेव्हा पिपरबोडीच्या प्रेमिलाबाईची आठवण करा. घटकाभर करा. तिनं आपल्या हातानं बांधलेल्या चांगल्या छपराचं एक कवेलू सरकवून ठेवलं आहे, आणि ती वाट पाहते आहे.